नुसते नंबर

"गाणी आहेत ना सगळी? मग झालं तर!" असं म्हणत संचालकांनी पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर टाकला.

माझं डोकंच फिरलं. भाताच्या रोवणीला बाया जी गाणी म्हणतात, तशी चार हजार गाणी आमच्या संग्रहात होती. फाइलींना नुसते नंबर द्या, बायांची नावं यादीत गबाळी दिसतात, हा यांचाच हुकूम. म्हणून मी प्रोग्रॅम लिहून प्रत्येक फाइलीला गाणाऱ्या बाईचं नाव-गाव वरून दिसणार नाही असं चिकटवलं होतं. अशी नावं साध्या पेन ड्राइव्हवर येत नाहीत, हे यांना दोनदा बजावलं होतं. तरी यांनी सगळं त्यावर उतरवलं आणि जागा हवी म्हणून मूळ डिस्क पुसून टाकली.

"गाणी आहेत, सर," मी ओरडले. "बाया गेल्या!"

"त्यांना कोण विचारतंय?"

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. "पारबता शेंडे माझी माय जी. मागच्या महिन्यात वारली. तिचा आवाज आयकाले भेटंल का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी तिला माझी खुर्ची दिली आणि पहिली फाइल लावली.

"हे नाही जी."

दुसरी लावली.

"हेबी नाही."

सरांनी हळूच बॅग उचलली. मी दाराला आतून कडी घातली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा, सर. ह्या विचारतायत."