मशीनचा नंबर

मोडेमचा दिवा लागला. साक्षीने हातातली भाकरी पुन्हा डब्यात ठेवली.

"सर, आला."

पुष्कर सर खुर्ची ओढून शेजारी बसले. सांगलीच्या त्या सहकारी बँकेत संगणक विभाग म्हणजे ही दोघंच. शाखांमधले संगणक फोनच्या तारेवरून इथल्या मोठ्या संगणकाशी बोलत. मोडेम त्या तारेवरचा दरवान होता. फोन आला की तो आधी किंचाळायचा, मग नाव विचारायचा. मग फोन तोडून ओळखीच्या नंबरावर स्वतःच उलटा फोन करायचा. विश्वास नंबरावर, फोन करणाऱ्यावर नाही.

गेले काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फोन करत होतं. पलीकडून ना नाव येई, ना पासवर्ड. मोडेम थकून फोन ठेवेपर्यंत तो माणूस नुसता थांबून राहायचा.

"वेळेचा पक्का आहे. आपल्या शाखाधिकाऱ्यांपेक्षा बरा," सर म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "पण दार ढकलून बघतोय, साक्षी. आज कळलं नाही तर पुण्याच्या कंपनीला बोलवावं लागेल. मग पुढे सगळं तेच बघतील. तुझी नेमणूक अजून कच्ची आहे."

साक्षीला ते माहीत होतं. या नोकरीसाठी तिने ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. तिचे वडील राजाराम विट्यात यंत्रमागावर काम करत. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "जा. पर तुज्याशी बोलनार न्हाई." चौदा एप्रिलला ती घरी गेली, तर भाषणं संपून खुर्च्या उचलल्या गेल्या तरी ते जयंतीच्या मंडपातच बसून राहिले.

तिने त्याच तारेवरचा दुसरा फोन उचलून कानाला लावला. किंकाळी कानात घुसली. तिने डोळे मिटले. गोंगाटातून आधी नियमित असेल ते वेगळं काढायचं, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकली होती.

किंकाळीच्या मागे एक ठेका होता. खटक-खट, खटक-खट. मागाचा धोटा सुतातून इकडून तिकडे जाताना होतो तसा. लहानपणी ती त्याच ठेक्यावर झोपत असे.

मग पलीकडे कोणीतरी खाकरलं.

मोडेमने फोन तोडला.

"काय गं? सापडला का?" सरांनी विचारलं.

"ओळखीचा नंबर आहे, सर."

तिने आपल्या टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि विट्याच्या मागांच्या शेडचा नंबर फिरवला. तो तिला पाठ होता. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. नुसते माग वाजत होते.

"आबा," ती म्हणाली, "निघताना मी आईला दोन नंबर सांगितलं हुतं. तुमी चुकून मशीनचा लावताय. त्यावर किंकाळीच ऐकू येती. माजा दुसरा हाय."

"ठावं हाय. चुकून न्हाई."

माग वाजत राहिले. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"तुज्याशी बोलनार न्हाई म्हनलोवतो न्हवं," राजाराम म्हणाले. "म्हनून मशीनला लावतोय. माग वाजतोय म्हंजी मानूस मागावर हाय. तसंच तुजं मशीन."