हातचा

तिसऱ्यांदाही लॅपटॉपच्या पडद्यावर एकच ओळ उमटली. ‘नागम्मा, उदगीर : सरांमुळं मी बँकेत लागले.’ बाकीच्या बेचाळीस ओळी गायब.

रिकाम्या वर्गात बसलेल्या पंचशीलानं घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजता रामलिंग सरांचा निरोप समारंभ. अहमदपूरच्या या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून सर आज निवृत्त होत होते. त्रेचाळीस जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी एकेक ओळ पाठवली होती. पंचशीला नांदेडला संख्याशास्त्र शिकत होती. तिनं मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, “हातानं कशाला जोडायचं? मी ‘आर’ या कॉम्प्युटरच्या भाषेत लूप लावते. यादीतल्या ओळी एकामागून एक घेऊन तोच मानपत्र तयार करतो.” आता साडेदहा झाले होते. मैदानात माइकवाल्याचं हॅलो-हॅलो चाललं होतं.

“काय अडलंय गं?”

वर्गाच्या दारात खुद्द रामलिंग सर उभे! पंचशीलानं घाईघाईनं लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला.

“काही न्हाई सर. यादीतल्या ओळी जोडायलेय. पण दरवेळी शेवटचीच उरायली.”

सरांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. तरी त्यांनी विचारलं, “नवी ओळ घेताना आधी जमलेलं सोबत घेतेस का?”

तिनं वाकून पाहिलं. लूप दर फेरीला नवी ओळ ‘मजकूर’ नावाच्या कप्प्यात ठेवत होता आणि आधीचा मजकूर पुसून टाकत होता.

“हातचा विसरलीस की!” सर हसले. “पाचवीतबी असंच करायचीस.”

तिनं जोडायच्या आज्ञेत नव्या ओळीच्या आधी ‘मजकूर’ हा एक शब्द घातला आणि बटण दाबलं. ओळींमागून ओळी धावत आल्या. पडदा भरून गेला.

“जमलं सर, जमलं!” तिनं आनंदाच्या भरात लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, आणि जीभ चावली.

सरांनी चष्मा लावला होता. सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं. त्यांनी दोन ओळी वाचल्या. तिसरीवर ते थांबले.

“सर, हे तुम्हाला तिथं ऐकवायचं होतं,” ती ओशाळून म्हणाली.

सरांनी हळूच दार लोटलं आणि ते पोरांच्या बाकावर अंग चोरून बसले.

“तिथं समद्यांम्होरं मला हसत बसावं लागंल,” ते चष्मा काढत म्हणाले. “इथं एकदा वाच.”