रणवऱ्यांच्या गाडीचा टॅपेट

कोपऱ्यावरून गुरगुर ऐकू आली आणि गॅरेजच्या दारात बसलेल्या शौकत मिस्त्रींच्या हातातला चहाचा कप तसाच थांबला. आठ सिलिंडरचं इंजिन! पेट्रोल बंद होऊन, शौकिनांच्या गाड्या भट्टीत वितळवून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून अख्ख्या कोल्हापुरात हा आवाज कुणी ऐकला नव्हता.

लाल गाडी दारात थांबली. विलासराव रणवऱ्यांची मुलगी शर्वरी ती चालूच ठेवून उतरली.

"तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट टकटक वाजतोय की गं," मिस्त्री उठतच म्हणाले. "रणवऱ्यांना किती वेळा म्हटलं, जमा करायच्या आधी एकदा आणा. असं दुखणं घेऊन भट्टीत धाडू नका तिला."

"चाचा, ही बॅटरीचीच आहे. बाबांनी शेवटच्या दिवशी त्यांच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड केला होता. ते गेल्यावर मी तो हिच्यात घातला." ती जरा घुटमळली. "कंपनीवाले म्हणतात, ती टकटक तेवढी काढून देतो. काढू का?"

मिस्त्रींनी आतून लांब स्क्रूड्रायव्हर आणला. सवयीनं त्याचं टोक बॉनेटवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आवाज बंपरखालच्या स्पीकरमधून येत होता. पत्रा गार होता. आत काहीच हलत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"नको काढू, पोरी," ते म्हणाले. "ते काम माझ्याकडं राहिलंय."