लग्नपत्रिकेच्या वाचनखुणा

तात्या जेवणाच्या टेबलावर जुन्या लग्नपत्रिका कापून वाचनखुणा बनवत होते. एका बाजूला छापील गणपती, दुसऱ्या बाजूला त्यांच्या अक्षरात स्वतःच्या पुस्तकाचं नाव, ‘नऊ नंबरची खाट’, आणि फोन नंबर.

“हा तर माझा नंबर,” वृंदा म्हणाली.

“मला फोनवर कुठं ऐकू येतं? लेखकाची सेक्रेटरी तू.”

“तात्या, फोन करणार कोण?”

ते हसले. “वाचलंस का गं?” त्यांनी रोजच्यासारखं विचारलं. “वाचते,” तीही रोजच्यासारखं म्हणाली. दुसऱ्यांची कपाटभर पुस्तकं वाचून संपवलेली ती लेक खुणांत दोरे ओवू लागली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात खुणा वाटताना तात्या कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला एका बाईंचा फोन आला. “लेखकांनी वाचनालयात खूण दिली होती. पुस्तक बायकोच्या आजारपणावर आहे म्हणाले. माझे मिस्टर दवाखान्यात आहेत. मला झेपेल का ते, विचारायचं होतं.”

“ते गेले. मी त्यांची मुलगी.”

बाई गडबडल्या. मग हळूच म्हणाल्या, “तुम्ही वाचलंय?”

वृंदानं तात्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

“वाचलंय. छापून आलं त्याच दिवशी,” ती तात्यांशी बोलताना लागायचा तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली. “आईच्या त्या खाटेपाशी शेवटच्या तीन महिन्यांत मी एकदाच गेले होते. पुस्तकात त्यांनी मला रोज तिथं आणलंय.”