दोघंही प्रॉसर

"दोघंही प्रॉसर," ग्लिननं फाटकातच सांगून टाकलं. "मी ग्लिन प्रॉसर, ही नेरिस प्रॉसर."

शेजारचा औषधवाला ओक गिल्जून मध्ये उभा राहून भाषांतर करत होता. बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता वाचता तो बोलायलाही शिकला होता, पण नेरिसकडे बघून बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटत होती.

घरमालकीण पे आजीनं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अंगणात मासळी वाळत होती आणि मांजरं हाकलायची काठी तिच्या हातात होती.

"एकाच घरची का रे ही?"

"एकाच," ग्लिन मोठ्या तोऱ्यात म्हणाला.

तोरा असणारच. नेरिस वॉनची नेरिस प्रॉसर होऊन चार महिने झाले होते, आणि नवं आडनाव सांगताना ती स्वतःच अजून अडखळायची. लग्नाच्या अंगठ्या न घेता त्या पैशांत विमानाची तिकिटं काढली होती. वेल्समधलं धुक्यातलं गाव सोडून दोघं इंग्रजी शिकवायला या नामहे बेटावर आली, आणि शिकवणीच्या मालकानं त्यांना खोली दिली ती नेमकी गाण्याच्या अड्ड्यावर. खाली कोळी पहाटेपर्यंत विरहाची गाणी आळवायचे. वर नेरिस उशीत डोकं खुपसून विरह मागायची, त्या खोलीपासून.

"हे घर मिळालं तर राहते," ती सकाळीच म्हणाली होती. "नाहीतर मी परत जाते. तू ये नाहीतर नको येऊस."

आजीनं काठी भिंतीला टेकवली.

"परक्या मुलखातल्यांना मी जागा देत नाही. पण पोरं गरीब दिसतात. थंडीतलं कोबीचं लोणचं, किमची, घालायची वेळ येईपर्यंत बघेन. वागणं पटलं तर राहा, नाही पटलं तर बोचकं उचला. आमचे हे चो, मी इथल्या सगळ्या बायकांसारखी माहेरचीच पे. जन्मभर संसार केला, या फाटकाकडे कुणी बोट दाखवलं नाही."

ग्लिननं कमरेत वाकून नमस्कार केला. नेरिसनं त्याहून वाकून केला.

आजीनं नेरिसला आपल्या शेजारची आतली खोली दिली. ग्लिनला दिली फाटकाजवळची. मधल्या ओसरीवर तिनं स्वतःचं अंथरूण टाकलं.

"ही काय पद्धत?" नेरिस कुजबुजली.

"इथली रीत असेल. थोडे दिवस काढू."

"मी तुझ्याशी लग्न केलंय, त्या ओसरीशी नाही."

"झोप लागते ना इथं?"

झोप लागत होती. समुद्र पायाशी यायचा, मायेनं थोपटायचा, मागे जायचा. नेरिसच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं हळूहळू विरली, गालांवर खजुरीच्या गुळासारखा रंग चढला. मग ग्लिननंही ती रीत चालवून घेतली. दोघं शिकवणीला बरोबर जात, बरोबर येत, आणि अंगणात आली की एकमेकांपासून हातभर अंतरावर बसत. आजी शेजारणींना कौतुकानं दाखवायची.

गिल्जून मात्र रोज येऊ लागला. कधी खोकल्याचं औषध, कधी पेरूएवढी पर्सिमनची फळं. ग्लिनला वाटलं, फुकटात इंग्रजी शिकायला येतोय.

"सर, नेरिसबाई चिडतात का हो?" एकदा त्यानं विचारलं.

"झोप झाली नाही तर वाघीण. झाली तर शेळी."

"आणि स्वयंपाक?"

"घेऊन जा की घरी, चव बघ."

गिल्जूनचे कान लाल झाले. त्यानं ते आजीला सांगितलं. आजी मांडीवर थाप मारून हसली आणि तिनं ग्लिनच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला. ग्लिननं नेरिसला डोळा घातला. जमतंय म्हणाला.

थंडी पडली. कोबीचे ढीग अंगणात आले, मिठाच्या पाण्यात बुडाले. गिल्जूनची आई मुद्दाम नेरिसशेजारी येऊन बसली. नेरिसचे हात कोपरापर्यंत तिखटानं माखले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी ती पानापानात मसाला भरत राहिली. गिल्जूनच्या आईनं कोबीचं एक कोवळं पान तोडलं, गुंडाळलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातलं.

"पसंत आहे," ती आजीला म्हणाली.

नेरिसला वाटलं, मसाला पसंत पडला.

काम उरकल्यावर ओसरीवर उकडलेल्या डुकराच्या मांसाचं ताट आलं, तांदळाची दारू आली. आजी ग्लिनसमोर ताठ बसली. गिल्जूननं त्या दिवशी कोट घातला होता.

"आईबाप लांब," आजी म्हणाली. "इथं हिचा मोठा तूच. तेव्हा तुलाच विचारायला हवं."

गिल्जूननं घसा साफ केला. जमिनीकडे बघत, एकेक शब्द वेचत तो म्हणाला, "नेरिसबाईंनी इथं राहावं. कायमचं. तुमची हरकत नाही ना?"

ग्लिननं नेरिसकडे पाहिलं. तिखटानं की आनंदानं कोण जाणे, तिचे डोळे भरले होते. म्हणजे घर मिळालं. ती आता परत जाणार नाही.

"हरकत?" तो म्हणाला. "मी तर केव्हापासून या दिवसाची वाट बघतोय."

त्यानं दोन्ही हातांनी सुरई धरली, आधी आजीचा पेला भरला, मग गिल्जूनच्या आईचा, मग गिल्जूनचा. शेवटी ओसरीला कपाळ टेकवलं.

गिल्जूनच्या आईनं पदरासारखा ॲप्रनचा कोपरा डोळ्यांना लावला आणि आजीच्या कानाशी लागली. "आडनाव एक, रक्त एक. सख्ख्या बहिणीला परक्या घरी देताना भाऊ बघा कसा कपाळ टेकून वाकला."