मदीनाबीची वरात

इब्राहीम मास्टरच्या ओट्यावर सातजण चिंच आणि राखेनं पितळ घासत बसले होते. ट्रम्पेट, भोंगे, झांजा. आखाडा बाळापूरच्या या बँडनं पस्तीस वर्षं साऱ्या भागातल्या वराती घरी पोचवल्या होत्या. पण दोन हजार चारची लग्नसराई सरली आणि त्यांच्या वाट्याला जेमतेम तीन लग्नं आली. बाकी सगळ्यांना नांदेडचा डीजे पाहिजे होता. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता बस्स. ज्याचं वाद्य त्यानं घरी न्यायचं. नेण्याआधी एकदा लखलखीत करायचं.

हात चालू होते तशी पुढची बोलणीही चालू होती. मोठा ढोल वाजवणारा रामसिंग तांड्यावर जाऊन हळदीच्या शेतीत लक्ष घालणार होता. भोंगेवाला वसराम म्हणाला, "मी काईच करनार न्हाई. पोरीकडं जाऊन दोन महिने नुसता झोपनार."

"अन् मास्टर, तुमी?" रामसिंगनं विचारलं.

मास्टर ट्रम्पेट पुसत राहिले. थोरल्या पोरानं, फहीमनं, वारंगा फाट्यावरच्या त्याच्या दुकानात बसायला बोलावलं होतं. तिथं बसून दिवसभर करायचं काय, हेच त्यांना उमगत नव्हतं. त्यात वर्षभरापासून दमही पुरेना. एक चाल पुरी वाजवली की छाती भात्यासारखी हलायची.

तेवढ्यात त्यांची बायको मदीनाबी चहा घेऊन बाहेर आली. रामसिंगनं थट्टेनं तिलाच विचारलं, "भाबी, तुमीच सांगा. उद्यापासून मास्टरला काय काम लावायचं?"

कप पुढं करत ती सहज म्हणाली, "माझ्या लग्नात वाजवा म्हनावं. तेवढंच राहिलंय."

सगळे हसले. मास्टर तेवढे हसले नाहीत. त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा बँड नवा नवा होता. सकाळी निकाह लागला आणि दुपारी त्यांना कुरुंद्याच्या लग्नात वाजवायला जावं लागलं, कारण ट्रम्पेट दुसऱ्या कुणाला येत नव्हता. नवी नवरी सासऱ्याच्या बैलगाडीत बसून नवऱ्याशिवाय सासरी आली. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत बैलांच्या घुंगरांचा आवाज, बाकी काही नाही.

"इत्ते साल बोली कायकू नई?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम घर में थेच कब?" म्हणत ती रिकामा ट्रे घेऊन वळली.

मास्टर उठले. खुंटीवरचा लाल कोट काढून अंगात घातला. पोटावरची दोन बटणं लागेनात, ती तशीच सोडली.

"उठा रे," ते म्हणाले, "एक वरात राहिली हाय."

मदीनाबीनं पुष्कळ नाही नाही केलं. "या वयात? लोक हसतील."

"हसू द्या भाबी," रामसिंग ढोल गळ्यात अडकवत म्हणाला. "ते हसले की मी जोरात हानतो." सून हुमेरानं पेटीतली हिरवी ओढणी आणून तिच्या डोक्यावर टाकलीसुद्धा.

बाजारचा दिवस. सगळे मोठ्या रस्त्यावर गेले आणि बैलगाडी जिथं वळली होती तिथून निघाले. मास्टरांचा पहिला सूर फाटला. दुसराही. पानटपरीवर कुणीतरी फिदीफिदी हसलं. रामसिंगनं ढोलावर असा टोला दिला की हसणाऱ्याचं तोंड मिटलं, आणि तिसरा सूर ट्रम्पेटमधून सरळ वर चढला.

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. बांगड्यांच्या गाड्यावरच्या बाया माना उंचावून पाहू लागल्या. मागं अडकलेल्या ट्रकनं जोराचा हॉर्न दिला. वसरामनं मागं वळून भोंग्यातून त्याच सुरात उत्तर दिलं. ड्रायव्हर हसला आणि मग ठेका धरून हॉर्न वाजवू लागला.

"कोनाची वरात येऊन राहिली?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मदीनाबीची."

"अन् नवरदेव कोन?"

"ह्यो काय," रामसिंग ओरडला, "वाजवून राहिला!"

मशीद आली तसा वाजा थांबला. हा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज. सातही जण मुकाट चालू लागले. मास्टरांच्या छातीचा भाता जोरात चालला होता. मदीनाबी त्यांच्या बराबरीला आली.

"दम लगा तो रुको. घर कहीं भाग नई रहा."

मास्टरांनी मान हलवली. कोपरा ओलांडला, एक लांब श्वास घेतला आणि ट्रम्पेट परत ओठांना लावला. आता जो सूर लागला तो गेल्या दहा वर्षांत लागला नव्हता. मदीनाबीनं तोंडावरची ओढणी मागं सारली आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली. कडेनं चालायची तिची सवय त्या दिवशी सुटली.

दारात पोचेपर्यंत मागं अर्धा बाजार लोटला होता. मास्टरांचे ओठ सुजले होते, कोट घामानं भिजला होता. हुमेरानं सासूवरून लिंबू उतरवून टाकलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

गर्दीतून वाट काढत एक म्हातारी पुढं आली. डोक्यावर पाटी, हातभर बांगड्या. तांड्यावरची रूपाबाई.

"मास्टर, माझ्याबी लग्नात वाजा नव्हता. दुष्काळाचं साल होतं. आमच्या तांड्यावर कवा येता?"

मास्टरांनी आपल्या माणसांकडं पाहिलं. वाद्यं अजून कुणी खाली ठेवली नव्हती.

"येत्या सोमवारी येतो, बाई," ते म्हणाले. "नवरदेवाला तयार ठेवा."

"नवरदेव जाऊन बारा वर्सं झाली." रूपाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि पदर नीट केला. "नवरी हाय की तयार."