पिरॅमिडसमोरची टाळी

पिरॅमिडसमोर सहलीतला प्रत्येक जण आपापल्या माणसाचा आवाज ऐकत उभा होता. सुनेत्राताईंच्या कानात त्यांचे दिवंगत पती हेमंतराव माया लोकांची माहिती सांगत होते. हेमंतरावांच्या फोनमध्ये साठलेल्या आयुष्यभराच्या बोलण्यातून हा कृत्रिम मार्गदर्शक मुलीने, ऋजुताने, आईसाठी खास घडवून घेतला होता.

"इथे टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या शिळेसारखा प्रतिध्वनी येतो," हेमंतराव म्हणाले. "नाहीतर मागच्या वेळेसारखी मला नावानं हाक मार. किती हसलो होतो आपण!"

सुनेत्राताईंचे उचललेले हात तसेच राहिले. त्या मेक्सिकोला पहिल्यांदाच आल्या होत्या. पूर्वी इथल्या परिषदेला हेमंतराव एकटेच जाऊन आले होते, निदान तसं म्हणाले होते. आणि उखाणा सोडला तर सगळ्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"अहो," त्यांनी हलकेच विचारलं, "कोण होती ती?"

कानातला आवाज म्हणाला, "ऊन फार आहे. आधी टोपी घाल बघू."

"काय म्हणतायत बाबा?" ऋजुताने उत्सुकतेनं विचारलं. "अगदी पूर्वीसारखे बोलतात ना?"

"हो गं," सुनेत्राताई म्हणाल्या. "अगदी तसेच."